ऐकलेले पुस्तक वाचनात का धरू नये?

गेल्या उपवासकाळात आमच्या परिचयाच्या एका वाचक-मंडळाने एक उपक्रम केला. चाळीस दिवसांत घरातील प्रत्येकाने जमतील तेवढी चांगली पुस्तके वाचावीत, संपलेल्या प्रत्येक पुस्तकाविषयी चार-सहा ओळींत आपले मत लिहून द्यावे, आणि ईस्टरनंतरच्या रविवारी त्यांतील निवडक मते सर्वांसमोर वाचली जावीत, अशी आखणी होती. उपक्रम स्तुत्य होता. सायंकाळची रोझरी संपताच घरातील जो तो आपापल्या फोनमध्ये तोंड खुपसून बसतो, अशा दिवसांत कोणी पुस्तकाची आठवण करून देतो हेच मोठे. आम्हीही आमची यादी आनंदाने दिली.

त्याच मंडळातील एका आजींनी पाच पुस्तकांवर मते दिली होती. मधुमेहाने त्यांची नजर अधू झाली आहे. एक पुस्तक त्यांनी भिंग धरून महिनाभर रोज दोन-दोन पाने करीत संपवले. उरलेली चार त्यांनी ऐकली. काही फोनवरच्या ध्वनिमुद्रणातून ऐकली, काही सुनेच्या तोंडून. मते त्यांनी सांगितली आणि नातीने लिहून घेतली. यादी परत आली तेव्हा त्या चार पुस्तकांवर तांबड्या शाईची रेघ होती आणि समासात शेरा होता : 'ऐकलेली पुस्तके वाचनात धरता येणार नाहीत.'

आजींनी तक्रार केली नाही. कागद नातीकडून वाचून घेतला आणि एवढेच म्हणाल्या, "अगं, मी मिस्साही ऐकतेच की. मग तीही धरत नसतील."

या एका वाक्याने आम्हांला लिहायला बसवले. तो शेरा मारणाऱ्यांशी आमचे वैयक्तिक काही भांडण नाही. ती माणसे सज्जन आहेत आणि वाचनावर त्यांचे प्रेम आहे. परंतु त्या तांबड्या रेघेमागची समजूत आज अनेक सुशिक्षित घरांत ठाण मांडून बसली आहे. ती आम्हांला चुकीची वाटते. एवढेच नव्हे, तर आपल्या समाजापुरती ती घातक आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. दर रविवारी आपण मिस्साला जातो. तेथे पहिले वाचन होते, दुसरे वाचन होते, मग शुभवर्तमान. त्यास आपण 'वाचन' म्हणतो. वस्तुतः वाचणारा एकच असतो आणि बाकी सारा समुदाय ऐकत असतो. तरी कोणी घरी येऊन असे म्हणत नाही की आज शुभवर्तमान फक्त फादरांनी वाचले, आम्ही काही वाचले नाही. संत पौलाने रोमकरांस लिहिताना श्रद्धेचा उगम श्रवणात सांगितला आहे. आणि ते पत्रही रोमच्या मंडळीत मोठ्याने वाचले जाण्यासाठीच होते, कारण प्रत्येकाच्या हाती एकेक प्रत देण्याची सोय त्या काळी नव्हती. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी जे नियम घालून दिले, त्यांत भोजनाच्या वेळी एकाने वाचावे व इतरांनी मुकाट्याने ऐकत जेवावे असा नियम आहे. ते मठवासी वाचक नव्हते असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

मराठीचा इतिहासही हेच सांगतो. ज्ञानेश्वरांनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले, अशी ज्ञानेश्वरीची परंपरा आहे. सांगणारा आणि ऐकणारा या दोघांमधूनच आपली भाषा ग्रंथात आली. आमच्या कोल्हापूरचेच पाहा. येथले करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे. वाचनाची एवढी जुनी पेढी असलेली गावे महाराष्ट्रात थोडी. परंतु हे गाव जितके वाचणाऱ्यांचे तितकेच ऐकणाऱ्यांचेही आहे. १९१९ साली याच गावी जन्मलेल्या सुधीर फडके यांनी माडगूळकरांच्या गीतरामायणाला चाली लावल्या. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते आठवड्यामागून आठवडे ऐकवले गेले आणि छप्पन्न गीतांचे ते काव्य महाराष्ट्राने पुस्तकाआधी कानांनी वाचले. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्यासह गावोगाव कथाकथन करीत हिंडले. ज्यांनी जन्मात पुस्तक विकत घेतले नाही अशा माणसांनीही पाटलांची 'धिंड' ऐकली, आणि हसता हसता ती त्यांच्या मनात जाऊन बसली. त्यांनी साहित्याचा आस्वाद घेतला नाही, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार?

असो. नुसत्या युक्तिवादाने भागणार नाही. म्हणून गेल्या वर्षभरात आम्ही हाती घेतलेल्या चार पुस्तकांचा हिशेबच वाचकांसमोर ठेवतो. ही चारही पुस्तके आम्ही डोळ्यांनी वाचली आणि त्यांचा काही भाग वा संपूर्ण पुस्तक कानांनीही ऐकले. दोन्ही वाटांनी हाती काय लागले ते वाचकांनीच पडताळावे.

पहिले पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र आम्ही महाविद्यालयात असताना परीक्षेसाठी वाचले होते, आणि परीक्षेसाठी वाचलेल्या पुस्तकाचे जे होते तेच त्याचे झाले. या वर्षी घरात ते रोज रात्री मोठ्याने वाचले गेले. तेव्हा कळले की हे पुस्तक लिहिलेले नाही, बोललेले आहे. लक्ष्मीबाईंचे शिक्षण घरच्या घरी, तुटक तुटक झालेले. म्हणूनच पंडितांच्या मराठीचे ओझे त्यांच्या वाक्यावर नाही. वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकाचे त्यांनी केलेले वर्णन पानावर वाचताना आम्ही गालातल्या गालात हसलो होतो. तेच ऐकताना घरातील चौघेही मोठ्याने हसले, आणि पुढच्याच क्षणी त्या घरातील बायकांचे किती हाल होत असतील या विचाराने गप्प झाले. १८९५ साली रेव्हरंड टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यानंतरच्या ताटातुटीची पाने तर आम्हांला पुढे वाचवेनात. वाचणारीचा आवाज अडला. पानावर आवाज अडत नाही; डोळा पुढे सरकतो. जे पुस्तक आमच्या लेखी केवळ 'अभिजात' होते, ते त्या रात्रीपासून आमच्या घरातले झाले.

येथे एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. लक्ष्मीबाई प्रोटेस्टंट मिशनच्या म्हणून आपल्या कॅथलिक घरांनी त्यांना बरीच वर्षे परके ठरवले. मराठी साहित्याने त्यांना डोक्यावर घेतले आणि आपण मात्र दारातून आत घेतले नाही. आपल्याला एवढी ऐट परवडणारी नाही.

दुसरे पुस्तक 'श्यामची आई'. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत ते लिहिले. त्याची प्रकरणे 'रात्र' या नावाने मांडली आहेत, कारण श्याम आश्रमातील मित्रांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो आहे. म्हणजे पुस्तकाची बांधणीच श्रवणाची. ते ऐकण्यासारखे दुसरे औचित्य नाही असे समजून आम्ही फोनवर त्याचे एक ध्वनिमुद्रण लावले आणि आमची निराशा झाली. प्रत्येक गहिवराच्या जागी मागे व्हायोलिन! आईने दोन शब्द बोलावेत आणि वाद्याने लगेच रडावे. गुरुजींच्या गद्यात आधीच अश्रूंची कमतरता नाही. त्यावर हे पाणी ओतले की उरलेसुरले मीठही जाते. तिसऱ्या रात्रीनंतर आम्ही ते बंद केले आणि पुस्तक हाती घेतले. मूळ पानांवर गुरुजी किती ठिकाणी संयम राखतात आणि आई किती कठोर होऊ शकते, ते तेव्हा दिसले. ध्वनिपुस्तकांचा कैवार घेणारे म्हणून वाचक आम्हांला ओळखणार असतील, तर त्यांनी हेही ध्यानात ठेवावे : वाईट आवाज चांगल्या पुस्तकाचा खून करू शकतो.

तिसरे पुस्तक आनंद यादवांचे 'झोंबी'. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या आत्मचरित्रात्मक कादंबरीत आमच्या शेजारच्या कागलचा एक मुलगा शिक्षणासाठी बापाशी, दारिद्र्याशी आणि नशिबाशी झुंजतो. प्रथम वाचले तेव्हा, खरे सांगायचे तर, तिच्या लांबीने आम्ही दमलो होतो. दुःखाची पुनरावृत्ती होते, तीच मारझोड, तीच उपासमार, असे आमचे मत झाले होते. पुढे आमच्याकडे कागलकडच्या एक आत्याबाई महिनाभर राहायला आल्या. दुपारी जेवणानंतर त्यांनी त्यातली काही प्रकरणे घरच्या मंडळींना वाचून दाखवली. संवाद त्यांच्या तोंडी आले आणि आम्ही चकित झालो. आम्ही डोळ्यांनी जे वाचले होते ते पुणेरी कानाने वाचले होते. हेलात दडलेला तिरकसपणा, शिवीतली माया, बापाच्या बोलण्यातली भीती, यांतले काहीच आम्हांला पानावर ऐकू आले नव्हते. कोल्हापूर जिल्ह्यात राहून ही गत! ज्याला आम्ही पुनरावृत्ती म्हणत होतो ती जात्यावरच्या ओवीसारखी फिरून फिरून येणारी लय होती. आमचे जुने मत आम्ही येथे जाहीरपणे मागे घेतो.

यातून ध्वनिपुस्तके काढणाऱ्यांसाठीही एक गोष्ट निघते. २०१७ मध्ये स्टोरीटेलसारखी परदेशी संस्था भारतात आली आणि मराठी पुस्तके मोठ्या प्रमाणात कानावर येऊ लागली, हे चांगलेच झाले. परंतु ग्रामीण कादंबरी जर बातम्या सांगितल्यासारख्या घोटीव आवाजात वाचली जाणार असेल, तर तिचे अर्धे रक्त वाटेतच सांडते. कागलची कादंबरी कागलच्या तोंडाने वाचावी, आणि वसईची कथा वसईच्या. यास फार मोठा खर्च येतो असे नाही. गावच्या माणसाला बोलावून बसवण्याची इच्छा तेवढी लागते.

चौथे पुस्तक 'ख्रिस्तपुराण', आणि आमच्या म्हणण्याचा गाभा येथे आहे.

इंग्लंडातून १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीयाने आपल्या मराठीत हे काव्य रचले. पहिल्या व दुसऱ्या पुराणाच्या मिळून १०,९६२ ओव्या. १६१६ साली रायतूरच्या छापखान्यात ते छापले गेले, तेही रोमन अक्षरांत, कारण नागरी खिळे उपलब्ध नव्हते. पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. हे काव्य कोणी एकट्याने कोपऱ्यात बसून वाचावे म्हणून लिहिलेले नाही. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पूर्वीच्या पुराणश्रवणाची ओढ होती. ती भागवण्यासाठी देवळात, जमलेल्या समुदायापुढे म्हणण्यासाठी ते रचले गेले. पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला आणि या परंपरेवर मोठा आघात झाला.

आता जरा थांबून पाहा. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज जगात कोठे असल्याचे ठाऊक नाही. कागद गेला. वाळवीने खाल्ला, पाण्याने कुजला, हुकमाने विझला. उरले ते हस्तलिखितांत आणि माणसांच्या जिभेवर. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील कॅथलिक घराण्यांनी ते जपले, आणि १९०७ साली मंगळूरच्या जोसेफ सालढाणा यांनी अशा हस्तलिखितांच्या आधारे ते पुन्हा छापले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले, आणि २००९ मध्ये फादर नेल्सन फलकाव यांनी गद्य रूपांतरासह सिद्ध केले. ज्या ग्रंथाची पाने मुळात कानासाठी छापली गेली, आणि पाने नाहीशी झाल्यावरही ज्याला म्हणणाऱ्या-ऐकणाऱ्या माणसांनी जगवले, तो ग्रंथ आमच्या समाजाचा मूळ ग्रंथ आहे. आणि त्याच समाजातील एक मंडळ तांबड्या शाईने लिहिते की ऐकलेले धरता येणार नाही!

आम्ही ख्रिस्तपुराण प्रथम डोळ्यांनी वाचायला घेतले, ते दुसऱ्याच अवस्वरात अडले. शब्द जुने, प्रत्यय अनोळखी. मग घरातील ज्येष्ठांनी ओवी म्हणण्याच्या चालीत ते मोठ्याने म्हणायला सुरुवात केली, आणि जे शब्द डोळ्याला परके वाटत होते ते कानाला ओळखीचे निघाले. त्यांतले काही शब्द आमच्या आजीच्या बोलण्यात होते. अजून आम्ही निम्म्यावरच आहोत, पण पुस्तक आता बंद पडणार नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल की यांनी केवळ एकाच बाजूची वकिली केली. तसे होऊ नये म्हणून विरुद्ध पक्षाचे जे खरे आहे ते आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

ऐकताना मन भटकते. भाजी चिरताना, स्कूटर चालवताना, दीडपट वेगाने उरकलेले पुस्तक ऐकले असेही म्हणता येत नाही, मग वाचले तर दूरच. ज्यांच्या यादीत वर्षाला शंभर पुस्तके असतात आणि एकाही पुस्तकाविषयी दोन वाक्ये सांगता येत नाहीत, त्यांच्यासाठी तांबडी शाई आम्हीच पुरवू. परंतु अशी माणसे डोळ्यांनी वाचणाऱ्यांतही पुष्कळ आहेत. पाने उलटणे म्हणजे वाचणे नव्हे, हे त्यांनाही लागू करावे. तसेच काही ग्रंथ मागे वळून, रेघ मारून, तळटीप पाहूनच वाचावे लागतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे २०१० साली प्रसिद्ध झालेले 'सुबोध बायबल' सलग ऐकता येईल, पण त्याचा अभ्यास करायचा तर ते टेबलावर उघडे हवे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ऐकून लिपी येत नाही. ज्या मुलाला देवनागरी वाचता येत नाही, त्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या आवाजावर विसंबावे लागेल. ही गुलामी आम्हांला मान्य नाही.

पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी साहित्याच्या वाचनावर एक सुंदर पत्र लिहिले. प्रथम ते भावी धर्मगुरूंसाठी योजले होते, पुढे त्यांनी ते सर्व ख्रिस्ती जनांसाठी खुले केले. दृक्-श्राव्य माध्यमांच्या तुलनेत पुस्तक वाचकाकडून अधिक सहभाग मागते, असा विचार त्यांनी त्यात मांडला आहे. त्या मंडळातील एका सदस्याने आमच्यापुढे हाच आधार ठेवला. आमचे नम्र उत्तर असे : चित्रपटात चेहरा, घर, पाऊस, सारे तयार मिळते, म्हणून पाहणाऱ्याची कल्पना बसून राहते. पुस्तक ऐकताना यांतले काहीही मिळत नाही. फक्त शब्द मिळतात. लक्ष्मीबाईंचे घर आमच्या आजींना स्वतःच्या मनात स्वतःच बांधावे लागते, आणि अधू डोळ्यांनी त्या ते आमच्याहून चांगले बांधतात.

संत ऑगस्टीनची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. ३८६ साली मिलानच्या बागेत, मनाच्या मोठ्या उलघालीत असताना, शेजारच्या घरातून एका मुलाचा आवाज त्याच्या कानी आला. घे आणि वाच, असे काहीसे ते मूल गुणगुणत होते. ऑगस्टीनने पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडले आणि त्याचे आयुष्य पालटले. आधी कान, मग डोळा. आम्हांला हवी ती हीच वाट. ऐकणे हे वाचनाच्या दारावर टकटक करणारे असावे, त्या दाराला कुलूप लावणारे नसावे.

ही वाट आमच्या डोळ्यांदेखत चालली गेलेली आम्ही पाहिली आहे. त्या आजींची नात इंग्रजी शाळेत सातवीत शिकते. मराठी तिला समजते, बोलता येते. पण मराठीचे पान समोर आले की ती अक्षर अक्षर लावत अडखळते आणि कंटाळून सोडून देते. आपल्या घरांत अशी मुले किती आहेत हे सांगण्यास आकडेवारी लागत नाही. प्रत्येकाने आपल्या घरात डोकावावे. ही मुलगी आजीसाठी फोन लावून देण्याच्या निमित्ताने बसू लागली, मग आजीबरोबर ऐकू लागली. एके दिवशी वीज गेली, फोनही बंद पडला, आणि गोष्ट अर्ध्यावर राहिली. पुढे काय झाले हे दोघींनाही हवे होते. तेव्हा मुलीने कपाटातले 'स्मृतिचित्रे' काढले आणि मेणबत्तीच्या उजेडात अडखळत तीन पाने आजीला वाचून दाखवली. तीन पानांना पाऊण तास लागला. आजींनी एकदाही घाई केली नाही.

त्या तीन पानांवरही तांबडी रेघ आहे.

आता थोडे आपल्या सर्वांविषयी. हा दोष एका मंडळाच्या पदरात टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. आमचा खरा आरोप आपल्या साऱ्या समाजावर आहे, आणि त्यात आम्ही स्वतःही आलो. आपल्या घरांतील फोन उघडून पाहावेत. इंग्रजी भक्तिगीते, इंग्रजी प्रवचने, संतांची इंग्रजी चरित्रे भरपूर सापडतील. मराठी ख्रिस्ती गद्य किती सापडेल? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेला उपासनेचे दार उघडून दिले. मिस्सा मराठीत आली आणि आपण तेथेच थांबलो. देवळात मराठी, दिवाणखान्यात इंग्रजी, अशी विभागणी करून घेतली. ज्या भाषेत आपण पापकबुली देतो त्या भाषेतले एक पुस्तक मुलांच्या कानी पडू नये, हे बरे लक्षण नव्हे.

एके काळी चर्चची निषिद्ध ग्रंथांची यादी होती. १५५९ साली सुरू झालेली ती यादी १९६६ मध्ये गेली. आज आपल्याला कोणीही काही वाचण्यास मनाई करीत नाही. तरीही 'स्मृतिचित्रे', 'ख्रिस्तपुराण', पंडिता रमाबाईंचे लेखन ही पुस्तके आपल्या घरांत जणू निषिद्धच आहेत. मनाई न करता निषिद्ध करण्याची ही कला आपण कोठून शिकलो?

अडचणी सांगणारे लगेच कायद्याकडे बोट दाखवतील. म्हणून तेही सांगून टाकतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षांनी त्याच्या ग्रंथाचा स्वामित्वहक्क संपतो. लक्ष्मीबाई १९३६ साली वारल्या, रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये, पंडिता रमाबाई १९२२ मध्ये, साने गुरुजी १९५० मध्ये. यांचे मूळ लेखन आज सर्वांचे आहे; कोणीही ते वाचून ध्वनिमुद्रित करू शकतो. स्टीफन्सच्या मूळ ओव्यांचे तर विचारायलाच नको. अलीकडच्या संपादकांच्या प्रस्तावना, टीपा व गद्य रूपांतरे मात्र परवानगीशिवाय घेऊ नयेत, आणि 'झोंबी'सारख्या हयात हक्काच्या पुस्तकांचे ध्वनिमुद्रण करून वाटू नये; लेखकाच्या घरच्यांचा घास आपण काढू नये. अंध व अधू दृष्टीच्या माणसांसाठी मात्र कायद्याने वेगळी सोय केली आहे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार, नफा न घेता, केवळ त्यांच्याच वापरासाठी त्यांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक करून देता येते. याच हेतूने २०१३ मध्ये मराकेश येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होता. सरकारने वाट मोकळी केली. आपण घरात बसून राहिलो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पुढच्या उपवासकाळात ज्या कोणी असा उपक्रम योजतील त्यांनी डोळ्यांनी की कानांनी हा प्रश्न यादीतून काढून टाकावा आणि एकच प्रश्न विचारावा : या पुस्तकाने तुमच्या मनात काय हलवले? ज्याला उत्तर देता येईल त्याने ते वाचले आहे. ज्याला येणार नाही, त्याने ते दहा वेळा चाळले असले तरी वाचलेले नाही.

आणि प्रत्येक धर्मग्रामाने एक पुस्तक तरी आपल्या आवाजात करावे. त्यास स्टुडिओ नको, व्हायोलिन तर नकोच. शांत खोली, एक फोन आणि स्पष्ट वाचणारी चार माणसे पुरेत. एकाने रोज वीस मिनिटे वाचावे. वाचणाऱ्यांत एखादी आत्याबाई असावी आणि एखादी सातवीतली मुलगीही असावी. अडखळली तरी चालेल. ते ध्वनिमुद्रण ज्यांच्या घरी डोळे थकले आहेत, ज्यांना खाटेवरून उठवत नाही, त्यांच्याकडे प्रथम पोहोचवावे. आजारी माणसांकडे आपण पवित्र कम्युनियन नेतो. तसेच, त्याच्या पायरीवर नव्हे पण त्याच्या मागोमाग, एक पुस्तकही न्यावे.

ज्यांना जुने मराठी उच्चार ठाऊक आहेत, ज्यांच्या तोंडी अजून ओवीची चाल आहे, ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. छापील प्रती हरवल्या तेव्हा माणसांनी ख्रिस्तपुराण वाचवले. ही माणसे गेल्यावर मात्र त्यांची चाल कोणत्याही छापील प्रतीतून परत मिळणार नाही.

राहता राहिली ती यादी. आम्ही मंडळाला पत्र लिहिले आहे. आमच्या स्वतःच्या यादीतील चारही पुस्तके काही अंशी ऐकलेली असल्यामुळे, नियमानुसार त्यांवरही तांबडी रेघ मारावी अशी विनंती त्यात केली आहे. अद्याप उत्तर आलेले नाही. आजींकडे सहावे पुस्तक सुरू झाले आहे.